विश्लेषण : नियम बदलला एका सरकारने, वापरला दुसऱ्याने! सभागृहातली निवड गुप्त मतदानाने व्हावी की उघड?

उचगाव (कोल्हापूर) : सरपंच गावाने थेट निवडायचा की निवडून आलेल्या सदस्यांनी, या एका प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात पाच वर्षांत तीनदा बदलले. २०१७ मध्ये देवेंद्र फडणवीस सरकारने थेट निवड आणली. २०२० मध्ये महाविकास आघाडी सरकारने ती रद्द केली. २०२२ मध्ये एकनाथ शिंदे सरकारने ती पुन्हा लागू केली. उचगावसारख्या, कोल्हापूर शहराला खेटून असलेल्या मोठ्या गावात या बदलाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पॅनेल कसे बांधायचे, कोणत्या वॉर्डात कुणाला उभे करायचे, ही सगळी गणितेच त्याने बदलतात.

असाच एक नियम मुंबईत विधान भवनातही बदलला गेला. त्याची चर्चा गावात फारशी झाली नाही, पण परिणाम मात्र राज्यभर झाला. हा नियम विधानसभा अध्यक्षाच्या निवडीचा होता. डिसेंबर २०२१ मध्ये महाविकास आघाडीने गुप्त मतदान काढून उघड मतदान आणले. त्या नियमाने पहिला अध्यक्ष निवडून आला तो जुलै २०२२ मध्ये, आघाडी सरकार पडल्यानंतर सत्तेत आलेल्यांचा! पुढे त्याच अध्यक्षांनी 'खरी शिवसेना कुणाची' यावर निकाल दिला.

महत्त्वाच्या पदांवर कोण बसणार, हे ठरवण्याचे नियम बदलले की नेमके काय होते? फायदा कुणाला होतो? न्यायमूर्तींच्या नावांवर आपल्याकडे सभागृहात चर्चा का होत नाही? आणि अमेरिकेत याच विषयावर १२ वर्षे काय चालले आहे? जाणून घेऊ.

विधानसभा अध्यक्षपद एवढे महत्त्वाचे का?

अध्यक्ष म्हणजे फक्त 'शांत बसा, खाली बसा' म्हणणारी व्यक्ती नव्हे. कुणाला बोलू द्यायचे, कोणता प्रस्ताव चर्चेला घ्यायचा, गोंधळ घालणाऱ्या सदस्याचे काय करायचे, हे अध्यक्ष ठरवतात. एखादे विधेयक धन विधेयक आहे की नाही, याचा निर्णयही त्यांचाच.

पण सर्वांत मोठा अधिकार आहे तो राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टातला, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यातला. पक्ष सोडलेला किंवा पक्षादेश, अर्थात व्हिप मोडलेला आमदार अपात्र ठरतो का, याचा निकाल आधी अध्यक्षच देतात. न्यायालय त्यानंतर येते. पक्ष फुटतात त्या काळात त्यामुळे या खुर्चीवर कोण आहे, यावर सरकारचे भवितव्य ठरू शकते.

घटनेचे कलम १७८ सांगते, की विधानसभेने आपल्यातून अध्यक्ष निवडावा. मतदान गुप्त घ्यावे की उघड, हे मात्र तिथे लिहिलेले नाही. कलम २०८ नुसार सभागृह आपल्या कामकाजाचे नियम स्वतः बनवते. म्हणजेच निवडीची पद्धत सभागृहातल्या बहुमताच्या हातात असते.

जुना नियम काय होता आणि तो का बदलला?

महाराष्ट्र विधानसभा नियमांतील नियम ६ नुसार एकापेक्षा अधिक उमेदवार असतील तर अध्यक्षाची निवड गुप्त मतदानाने होत असे. निवडणुकीची तारीख राज्यपाल ठरवत.

१ डिसेंबर २०१९ रोजी काँग्रेसचे नाना पटोले बिनविरोध अध्यक्ष झाले. ४ फेब्रुवारी २०२१ रोजी त्यांनी राजीनामा दिला आणि ते प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्यानंतर उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी कामकाज पाहिले. खुर्ची महिनोन् महिने रिकामीच राहिली.

शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस या तीन पक्षांच्या सरकारकडे आकडा होता. अडचण होती ती गुप्त मतदानाची. चिठ्ठी पेटीत पडली की कुणाचे मत फुटले हे कळत नाही. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत पराभव झाला असता, तर सरकारवर अविश्वास व्यक्त झाल्यासारखेच ते ठरले असते.

त्यामुळे डिसेंबर २०२१ च्या हिवाळी अधिवेशनात नियम बदलण्यात आला. नव्या नियमानुसार अध्यक्षाची निवड प्रस्ताव मांडून आवाजी मतदानाने होईल आणि मागणी झाल्यास उघड मतविभागणी होईल. तारीख राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांच्या शिफारशीवरून ठरवायची, अशीही तरतूद झाली. लोकसभेत आणि अनेक राज्यांत अध्यक्षाची निवड अशीच होते, हा सत्ताधाऱ्यांचा मुख्य युक्तिवाद होता, आणि तो चुकीचा नव्हता. जून २०२४ मध्ये ओम बिर्ला लोकसभेचे अध्यक्ष झाले तेही आवाजी मतदानानेच.

भाजपचा आक्षेप दोन गोष्टींवर होता. पहिला, सरकारचा आपल्याच आमदारांवर विश्वास नाही म्हणून हा खटाटोप. दुसरा आक्षेप घाईवर होता. नियमबदलावर हरकती मागवण्यासाठीची दहा दिवसांची मुदत एका दिवसावर आणली गेली. शिवाय त्या वेळी भाजपचे १२ आमदार सभागृहाबाहेर होते. ५ जुलै २०२१ रोजी त्यांना एक वर्षासाठी निलंबित करण्यात आले होते. हे निलंबन सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी रद्द केले, पण तोवर नियम बदलून झाला होता.

राजभवन आणि न्यायालयात काय झाले?

तत्कालीन राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी नियमातील बदल घटनाबाह्य वाटतो, असे सरकारला कळवले. निवडणुकीची तारीख काही मिळाली नाही आणि २८ डिसेंबर २०२१ रोजी अधिवेशन अध्यक्षाविनाच संपले.

भाजपचे गिरीश महाजन आणि जनक व्यास यांनी नियमबदलाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. महाजन हे निलंबित १२ आमदारांपैकीच एक होते. न्यायालयाने त्यांना १० लाख, तर व्यास यांना २ लाख रुपये अनामत भरायला सांगितले. ९ मार्च २०२२ रोजी मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती मकरंद कर्णिक यांच्या खंडपीठाने दोन्ही याचिका फेटाळल्या आणि अनामत रक्कमही जप्त केली. महाजन सर्वोच्च न्यायालयात गेले.

मार्चच्या अर्थसंकल्पी अधिवेशनातही सरकारने तारीख मागितली. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, असे उत्तर राजभवनातून आले. म्हणजे आघाडीने नियम बदलला, उच्च न्यायालयात तो टिकवलाही, पण वापरता मात्र आला नाही.

दहा दिवसांत दोन मतदाने, दोन्हींचा धडा वेगळा

मतदान गुप्त असेल तर काय होते आणि उघड असेल तर काय, याचे प्रात्यक्षिक जून २०२२ मध्ये महाराष्ट्राने पाहिले.

१० जून २०२२ रोजी राज्यसभेच्या सहा जागांसाठी मतदान झाले. सहाव्या जागेची लढत दोन कोल्हापूरकरांत होती : भाजपचे धनंजय महाडिक आणि शिवसेनेचे संजय पवार. राज्यसभेसाठी २००३ पासून उघड मतदान आहे. पक्षाच्या आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. अपक्षांना मात्र ती कुणालाही दाखवता येत नाही. हा नियम किती काटेकोर आहे हे त्याच दिवशी दिसले. शिवसेनेचे सुहास कांदे यांचे मत मतपत्रिका दाखवण्याच्या पद्धतीवरून बाद झाले. भाजपला १२३ मते मिळाली आणि महाडिक विजयी झाले. पक्षांचे आमदार जागेवर राहिले. खेळ झाला तो अपक्ष आणि छोट्या पक्षांच्या मतांवर.

२० जून २०२२ रोजी विधान परिषदेच्या दहा जागांसाठी मतदान झाले. तिथे आमदारांचे मतदान गुप्त असते. दहा दिवसांत भाजपची मते १२३ वरून १३४ वर गेली. भाजपचा पाचवा उमेदवारही निवडून आला आणि काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पराभूत झाले. मते कुणाची फुटली, याची यादी कुणालाच देता आली नाही. त्याच रात्री एकनाथ शिंदे आमदारांसह सुरतेला रवाना झाले.

आघाडीला गुप्त मतदानाची जी भीती डिसेंबरमध्ये वाटत होती, ती जूनमध्ये खरी ठरली.

३ जुलै २०२२ : नियम तोच, हात वेगळे

३० जूनला शिंदे मुख्यमंत्री आणि फडणवीस उपमुख्यमंत्री झाले. ३ जुलैला विशेष अधिवेशनात अध्यक्षपदाची निवडणूक ठेवण्यात आली. नियमबदलाविरुद्धची याचिका तेव्हाही सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित होती, पण या वेळी राजभवनाची अडचण आली नाही. मग आम्हाला इतके महिने परवानगी का दिली नाही, असा प्रश्न आघाडीच्या नेत्यांनी विचारला.

निवडणूक आघाडीने आणलेल्या नियमानेच झाली. आवाजी मतदानानंतर विरोधकांनी मतविभागणी मागितली. एकेका सदस्याने उभे राहायचे आणि मोजणी व्हायची. भाजपचे राहुल नार्वेकर यांना १६४, तर शिवसेनेचे राजन साळवी यांना १०७ मते पडली. ज्या पक्षाने हा नियम घटनाविरोधी ठरवण्यासाठी न्यायालय गाठले होते, त्याच पक्षाचा उमेदवार त्या नियमाने अध्यक्ष झाला. आणि ज्यांनी नियम आणला, ते समोरच्या बाकांवर होते.

उघड मतदानाने आणखी एक गोष्ट केली. कोण कुठे उभा राहिला, हे सभागृहाच्या नोंदीत कायमचे गेले. शिवसेनेच्या ३९ आमदारांनी ठाकरे गटाच्या व्हिपविरुद्ध मत दिले, हे सगळ्या राज्याने पाहिले. कोल्हापूर जिल्ह्यापुरते बोलायचे तर राधानगरीचे प्रकाश आबिटकर आणि शिरोळचे अपक्ष राजेंद्र पाटील यड्रावकर शिंदे यांच्यासोबत होते. त्यांची भूमिका मतदारांना माहीत होती. २०२४ मध्ये मतदारांनी त्या दोघांनाही पुन्हा निवडून दिले. भूमिका पटो न पटो, ती माहीत असताना मत देता आले, हा उघड मतदानाचा फायदा.

पुढची साखळी सगळ्यांना ठाऊक आहे. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राज्यपालांचा बहुमत चाचणीचा आदेश योग्य नव्हता, तसेच भरत गोगावले यांना प्रतोद म्हणून दिलेली मान्यता बेकायदा होती, असे म्हटले. मात्र अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडेच सोपवला. १० जानेवारी २०२४ रोजी नार्वेकर यांनी शिंदे गट हीच खरी शिवसेना, असा निर्णय दिला आणि दोन्ही बाजूंच्या एकाही आमदाराला अपात्र ठरवले नाही.

मग उघड मतदान वाईट का?

तसे म्हणता येणार नाही. ३ जुलैला मतदान गुप्त असते तरी आकड्यांचा कल पाहता निकाल वेगळा लागलाच असता, असा दावा कुणी ठामपणे करू शकत नाही. प्रश्न पद्धतीच्या बऱ्या-वाईटाचा कमी आणि ती बदलण्याच्या वेळेचा जास्त आहे.

गुप्त मतदानाची बाजू अशी : आमदाराला पक्षाच्या दडपणाशिवाय मत देता येते आणि अध्यक्षपद पक्षाच्या वर राहावे या अपेक्षेला ते धरून आहे. उघड मतदानाची बाजू अशी : आमदाराला मतदारांनी पाठवलेले असते, त्यामुळे त्याने काय केले हे मतदाराला कळायला हवे; शिवाय पैशाच्या व्यवहाराला आळा बसतो. राज्यसभेच्या उघड मतदानाला आव्हान देण्यात आले, तेव्हा कुलदीप नय्यर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही पद्धत वैध ठरवली होती.

दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे. पण आपल्या सोयीची वेळ साधून, हरकतींची मुदत दहा दिवसांवरून एका दिवसावर आणून नियम बदलला, की बदल चांगला असूनही त्याच्यावर संशय राहतो. आणि पुढच्या सरकारला 'तुम्हीही तेच केले होते' असे म्हणायची सोय होते.

अमेरिकेत हेच कसे घडले?

सत्तेसाठी बदललेला नियम विरोधकाच्या हातात जाण्याचे जगातले सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेच्या सेनेटमध्ये आहे. तिथे राष्ट्राध्यक्ष मंत्री, वरिष्ठ अधिकारी, राजदूत आणि केंद्रीय न्यायाधीशांची नावे पाठवतात. १०० सदस्यांच्या सेनेटने त्यांना मंजुरी द्यावी लागते. जुन्या नियमानुसार चर्चा थांबवून मतदान घ्यायचे तर ६० मते लागत. म्हणजे ५१ जणांचे बहुमत असले तरी विरोधक चर्चा लांबवून नियुक्ती रोखू शकत.

२१ नोव्हेंबर २०१३ रोजी बराक ओबामा यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाने हॅरी रीड यांच्या नेतृत्वाखाली ५२ विरुद्ध ४८ मतांनी ही पद्धत मोडली. सर्वोच्च न्यायालय वगळता बाकी सर्व नियुक्त्यांसाठी साधे बहुमत पुरेसे ठरले. रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनल यांनी तुम्हाला याचा पश्चात्ताप होईल, असा इशारा तेव्हाच दिला होता.

२०१७ मध्ये डोनाल्ड ट्रम्प सत्तेत आले. ६ एप्रिल २०१७ रोजी रिपब्लिकन पक्षाने तोच मार्ग सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि दुसऱ्याच दिवशी नील गोर्सच ५४ विरुद्ध ४५ मतांनी न्यायमूर्ती झाले. ३ एप्रिल २०१९ रोजी चर्चेच्या वेळेवरच कात्री चालली. कनिष्ठ पदे आणि जिल्हा न्यायाधीशांच्या नावांवरची अंतिम चर्चा ३० तासांवरून २ तासांवर आली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यापुढचे पाऊल पडले. प्रशासनातील कनिष्ठ पदांची नावे एकेक न घेता गठ्ठ्याने मंजूर करायची मुभा मिळाली. १८ सप्टेंबरला एका मतदानात ४८, तर ७ ऑक्टोबरला १०७ नावे मंजूर झाली. न्यायाधीशांची नावे मात्र या गठ्ठा पद्धतीतून वगळली आहेत.

नुकसान एकाच पक्षाचे झाले असेही नाही. ट्रम्प यांच्या पहिल्या कार्यकाळात २३४ केंद्रीय न्यायाधीश नेमले गेले, तर त्यानंतर जो बायडेन यांच्या काळात २३५. दोघांनीही त्याच सैल नियमांचा लाभ घेतला. तोटा झाला तो चर्चेचा. नाव कुणाचे, त्याची पात्रता काय, आधीची कामगिरी कशी, हे सभागृहात विचारायला पूर्वी तास मिळत, आता मिनिटे मिळतात.

आपल्याकडे न्यायमूर्तींच्या नावावर सभागृहात चर्चा का होत नाही?

कोल्हापूरकरांसाठी हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आहे. आदल्या दिवशी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे इथे चालतात. उचगावच्या पक्षकाराला आता सुनावणीसाठी रात्रीची मुंबईची गाडी पकडावी लागत नाही. पण समोर बसलेल्या न्यायमूर्तींची निवड कशी होते?

सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ न्यायमूर्तींचे कॉलेजियम नाव सुचवते, केंद्र सरकार पडताळणी करते आणि राष्ट्रपती नेमणूक करतात. यात संसद किंवा विधिमंडळ कुठेच नाही. हे विसरून राहिलेले नाही, तर विचारपूर्वक ठरलेले आहे. २४ मे १९४९ रोजी संविधान सभेत या विषयावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेच्या पद्धतीचा उल्लेख केला होता. नेमणुकीला विधिमंडळाची संमती घेणे ही किचकट पद्धत आहे आणि त्यात राजकीय दबाव शिरण्याची शक्यता आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वेळी सगळा अधिकार केवळ सरकारला किंवा केवळ सरन्यायाधीशांना देणेही त्यांना मान्य नव्हते.

घटनेची कलमे १२१ आणि २११ आणखी पुढे जातात. न्यायमूर्तींच्या कर्तव्यपालनातील वर्तनावर संसदेत फक्त पदच्युतीच्या प्रस्तावावेळी चर्चा करता येते. राज्य विधिमंडळात तर करताच येत नाही. म्हणजे आपल्याकडे नेमताना चर्चा नाही, काढताना आहे. न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्याविरुद्धच्या आरोपांची चौकशी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. मे १९९३ मध्ये लोकसभेत प्रस्ताव आला, पण काँग्रेस तटस्थ राहिल्याने आवश्यक बहुमत मिळाले नाही.

२०१४ मध्ये संसदेने राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोगाचा कायदा केला. निम्म्याहून अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी त्यासाठीच्या घटनादुरुस्तीला मंजुरी दिली. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ती रद्द केली. कॉलेजियम कायम राहिले.

सभागृहात चर्चा नाही म्हणून चर्चाच होत नाही, असे मात्र नाही. जुलै २०२५ मध्ये कॉलेजियमने मुंबई उच्च न्यायालयासाठी अ‍ॅड. आरती साठे यांचे नाव सुचवले. त्या पूर्वी भाजपच्या प्रवक्त्या होत्या, त्यामुळे विरोधकांनी आक्षेप घेतला. त्यांनी जानेवारी २०२४ मध्येच पक्ष सोडल्याचे भाजपने सांगितले. ऑगस्टमध्ये त्यांची नेमणूक झाली. हा सगळा वाद पत्रकार परिषदा आणि समाजमाध्यमांवर झाला. दोन्ही बाजू नोंदवून घेणारी, प्रश्नाला उत्तर मागणारी जागा त्यासाठी नव्हती. अमेरिकेत ती जागा आहे, पण तिथला वेळ कापला जात आहे. आपल्याकडे वेळेचा प्रश्नच येत नाही, कारण ती जागाच नाही.

राज्यपालनियुक्त १२ जागांचे काय झाले?

चर्चेविना होणाऱ्या नेमणुकांचे राज्यातले ठळक उदाहरण म्हणजे विधान परिषदेतील राज्यपालनियुक्त १२ जागा. साहित्य, विज्ञान, कला, सहकार चळवळ आणि समाजसेवा या क्षेत्रांतील व्यक्तींसाठी त्या आहेत. नावे मंत्रिमंडळ सुचवते, राज्यपाल नेमतात. सभागृह त्यावर काही बोलू शकत नाही.

६ नोव्हेंबर २०२० रोजी आघाडी सरकारने १२ नावे राज्यपालांकडे पाठवली. शिरोळचे राजू शेट्टी यांचे नाव त्यात असल्याचे वृत्त तेव्हा होते. यादी पडून राहिली. १३ ऑगस्ट २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यपालांनी वाजवी वेळेत निर्णय घ्यायला हवा, असे म्हटले; पण त्यांना आदेश देता येत नाही, असेही स्पष्ट केले. सरकार बदलल्यावर सप्टेंबर २०२२ मध्ये ती यादीच मागे घेतली गेली.

या निर्णयाला कोल्हापुरातून आव्हान मिळाले. शिवसेना ठाकरे गटाचे सुनील मोदी यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. निकाल राखीव असतानाच १५ ऑक्टोबर २०२४ रोजी महायुतीच्या सात सदस्यांचा शपथविधी झाला. त्याच दिवशी दुपारी विधानसभा निवडणूक जाहीर झाली. ९ जानेवारी २०२५ रोजी मोदी यांची याचिका फेटाळली गेली. दरम्यान, चार वर्षांहून अधिक काळ १२ जागा रिकाम्या राहिल्या होत्या.

सध्याचा पेच काय?

या सगळ्याचा ताजा अंक विरोधी पक्षनेतेपदाचा आहे. २०२४ च्या निवडणुकीत २८८ पैकी ठाकरे गटाला २०, काँग्रेसला १६ आणि शरद पवार गटाला १० जागा मिळाल्या. दहा टक्के, म्हणजे २९ जागा कुणाकडेच नाहीत. दहा टक्क्यांचा निकष हा संकेत आहे की बंधन, यावर वाद आहे आणि निर्णय अध्यक्षांच्या हातात आहे. ठाकरे गटाने मार्च २०२५ मध्ये भास्कर जाधव यांचे नाव दिले. विधान परिषदेत अंबादास दानवे यांची मुदत ऑगस्ट २०२५ मध्ये संपली, तिथे काँग्रेसने कोल्हापूरच्या सतेज पाटील यांचे नाव पुढे केले. तरीही डिसेंबर २०२५ चे नागपूर अधिवेशन दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेत्याविनाच पार पडले.

याचा नेमणुकांशी थेट संबंध आहे. माहिती अधिकार कायद्यानुसार राज्य माहिती आयुक्तांची निवड मुख्यमंत्री, एक मंत्री आणि विधानसभेतील विरोधी पक्षनेता यांची समिती करते. मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसेल तर सर्वांत मोठ्या विरोधी गटाच्या नेत्याला समितीत घ्यावे, असे त्याच कायद्यात लिहिले आहे. कायदा करणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच ओळखली होती. खुर्ची रिकामी ठेवून विरोधकाचा आवाज वगळता येऊ नये. हीच काळजी इतर नियमांत फारशी घेतलेली दिसत नाही.

मतदाराने काय पाहायचे?

सभागृहाचे नियम कलमांच्या भाषेत असतात, म्हणून ते वकील आणि पुढाऱ्यांचे काम वाटते. पण उचगावचा मतदार ग्रामपंचायतीच्या नियमबदलाला जे साधे प्रश्न विचारतो, तेच इथेही लागू पडतात.

एक, बदलासाठी वेळ किती दिला? हरकतींना दहा दिवस होते की एक दिवस?

दोन, बदल होताना विरोधक सभागृहात होते का?

तीन, हा बदल लगेच, चालू निवडणुकीलाच लागू होतो की पुढच्या सभागृहापासून? पुढच्या सभागृहापासून लागू होणाऱ्या नियमात आपली सोय पाहणे कठीण असते, कारण तेव्हा सत्तेत कोण असेल हे कुणालाच माहीत नसते.

चार, हाच नियम उद्या विरोधकाच्या हातात गेला तर आज टाळ्या वाजवणाऱ्याला तो चालेल का?

डिसेंबर २०२१ मध्ये आघाडीने चौथा प्रश्न स्वतःला विचारला असता, तर नियम कदाचित तोच राहिला असता, पण हरकतींचे दहा दिवस तरी वाचले असते. त्या नियमाची अंमलबजावणी विरोधक करतील, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. प्रत्यक्षात त्याला सहा महिन्यांच्या वर फार दिवस लागले नाहीत. ९ डिसेंबर २०२४ रोजी नार्वेकर पुन्हा अध्यक्ष झाले, बिनविरोध. मतदानाची वेळच आली नाही. नियम मात्र तसाच पुस्तकात आहे, पुढच्या बहुमताची वाट पाहत.